हाकलली, गेली की निघाली? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मेनफ्रेमची पार्श्वभूमी

ऐरोली स्टेशनबाहेर सकाळी रात्रपाळी संपवून चहाला थांबलेल्या पोरांना विचारा, मेनफ्रेमचं, म्हणजे बँका-कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या मोठाल्या कॉम्प्युटरांचं काम या पट्ट्यात आलं कसं? बहुतेक जण सांगतील, वायटूकेमुळे, म्हणजे २००० साल उजाडताना दोन आकडी सालामुळे प्रोग्राम चुकू नयेत म्हणून निघालेल्या दुरुस्त्यांमुळे. उत्तर चूक नाही, पण ते शेवटच्या प्रकरणाचं आहे. १९९८-९९ साली कामाचा लोंढा आला तेव्हा पाण्याला चर आधीच खणलेला होता. तो खणला गेला १९७८च्या आसपास, आयबीएम ही अमेरिकी कॉम्प्युटर कंपनी भारतातून गेली तेव्हा, आणि त्या वर्षाचं नाव काढलं की दोन जुन्या ईडीपीवाल्यांचं, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटर खात्यातल्या माणसांचं, आजही पटत नाही. या टिपणात जास्त शाई त्या भांडणावरच जाणार आहे. जेसीएल म्हणजे यंत्राला कामं नेमून देणारी आज्ञांची भाषा, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. 

त्याआधीचं थोडक्यात. कुलाब्यात १९६० साली इथल्याच माणसांनी बांधलेलं यंत्र चालू झालं, पण ते शास्त्रज्ञांचं. कारखाने आणि तेल कंपन्यांकडे आलं ते आयबीएमचं १४०१. नव्या पोरांना खोटं वाटतं, पण १४०१ला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणावी अशी चीज नव्हती. मेमरी मोठ्यात मोठी १६ हजार अक्षरांची, त्यात ती मावणार कुठे? कुठला जॉब आधी घ्यायचा, कुठली टेप कुठल्या ड्राइव्हवर चढवायची, भोकं पाडून माहिती भरलेलं कार्ड अडकलं तर कुठून पुन्हा सुरू करायचं, हे सगळं ऑपरेटरच्या डोक्यात आणि थोडंफार भिंतीवरच्या तक्त्यावर. एप्रिल १९६४मध्ये सिस्टीम/३६० जाहीर झाली. तिच्यासाठी लिहिलेल्या ओएस/३६०नं हे सगळं ऑपरेटरच्या डोक्यातून काढून जेसीएलच्या कार्डांवर ठेवलं. ती भाषा इतकी किचकट निघाली, की ज्यांच्या देखरेखीखाली ती घडली त्यांनीच पुढे तिला जाहीरपणे नावं ठेवली. ऐरोलीत ती अजून रोज लिहिली जाते.

मी १९७६ साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ईडीपीला शिकाऊ म्हणून लागलो. कारखान्यात कॉम्प्युटर नव्हता, कार्डं होती. पंचिंग रूममध्ये एकीनं मारलेलं कार्ड दुसरी व्हेरिफायरवर पुन्हा मारून तपासायची, आणि तयार खोके घेऊन मी लोकलनं फोर्टातल्या सर्व्हिस ब्युरोत, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांचं काम आपल्या यंत्रावर करून देणाऱ्या कचेरीत जायचो. दोन हजार कार्डांचा खोका पाच किलोंच्या आसपास भरतो. असे दोन खोके घेऊन ठाण्याला सकाळच्या गाडीत चढणं ही माझी मेनफ्रेमची पहिली दीक्षा. कार्डांच्या गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करनं तिरकी रेघ ओढलेली असायची. खोका सांडलाच तर रेघ जुळवत कार्डं लावता येत. पावसाळ्यात कार्डं दमट हवा पिऊन फुगत, म्हणून ब्युरोत पोचल्यावर ती आधी एसीत मोकळी करून ठेवायची. एरवी मिनिटाला ८०० कार्डं गिळणारा रीडर जुलैमध्ये घास अडकल्यासारखा सारखा थांबायचा.

आता त्या निर्णयाकडे.

'आयबीएमला हाकललं' हे वाक्य कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतं, बरोबर एका शीतपेयाचं नाव जोडून. त्यातलं क्रियापद तपासून घेण्यासारखं आहे. ज्या कायद्यानं हे घडलं, तो परकीय चलन नियमन कायदा म्हणजे फेरा, १९७३ सालचा. लागू झाला १ जानेवारी १९७४ला. हाकलल्याचं श्रेय किंवा दोष ज्या सरकारला मिळतो, ते सत्तेवर आलं मार्च १९७७मध्ये. शिवाय कायद्यात 'चालते व्हा' असं कुठे नव्हतं. परकी भांडवल ४० टक्क्यांवर आणा, असं होतं, आणि प्रगत तंत्रज्ञान किंवा निर्यात दाखवणाऱ्यांना त्याहून जास्त ठेवायची मुभाही होती. आयबीएमचा जगभरचा शिरस्ता मात्र शंभर टक्के मालकीचा. तिनं तोडगा सुचवला, की सर्व्हिस ब्युरोचा धंदा वेगळा काढू, त्यात भारतीय भागीदार घेऊ, पण यंत्रांचा धंदा पूर्ण आमचाच राहील. सरकारनं मानलं नाही. १९७७च्या अखेरीस कंपनीनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत कारभार आवरलाही.

म्हणून कंपनीची बाजू घेणारे 'निघाली' म्हणतात आणि स्वदेशीवाले छाती फुगवून 'हाकलली'. मशीन रूममधले आम्ही 'गेली' म्हणायचो, घरातलं माणूस गेल्यासारखं. कागदावर 'निघाली' हेच खरं ठरतं. पण निघाली म्हणून मोकळं होण्यात एक मेख आहे, ती भाड्याची.

यंत्रं सहसा विकली जात नसत, भाड्यानं दिली जात. परदेशात वापरून झालेली १४०१ इथे आणायची, मुंबईत ठाकठीक करायची आणि पुन्हा भाड्यानं लावायची, असा रिवाज होता. अमेरिकेत हे यंत्र १९७१ साली विक्रीतून काढून टाकलं, आणि मी खोके घेऊन १९७६ साली ज्याच्यासमोर उभा राहायचो ते हेच. सत्तरच्या दशकाच्या मध्याला संसदेच्या एका समितीनं यावरून कंपनीला झोडपलं आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्या सरकारी खात्यांनाही सोडलं नाही. कंपनीच्या बाजूनं म्हटलं जाई, की इथल्या ग्राहकाची गरज तेवढीच आहे, आणि दुरुस्ती, सुटे भाग, प्रशिक्षण हे सगळं भाड्यात येतंच ना. पहिला मुद्दा मला तेव्हाही पटला नव्हता. ग्राहकाची गरज किती हे ग्राहकाला दोन यंत्रं समोर ठेवून विचारायचं असतं, त्याच्या वतीनं ठरवायचं नसतं. दुसरा मुद्दा सोळा आणे खरा होता, आणि किती खरा होता ते ती गेल्यावर कळलं.

जाताना बरीच यंत्रं ज्यांच्याकडे होती त्यांनाच विकली गेली. देखभालीचं काम एका सरकारी महामंडळाकडे आलं. ते त्याआधीच, १९७५ साली, स्थापन झालेलं होतं. कंपनीचा इंजिनिअर फक्त कंपनीचं यंत्र जाणायचा. महामंडळाचा माणूस सकाळी एका बनावटीच्या यंत्रापुढे तर दुपारी भलत्याच बनावटीच्या. माझी दुसरी नोकरी एका ३६०वर होती. त्याच्या पॅनलवर एक लाल मूठ असे. संकटात ओढायची, की सगळी वीज जागच्या जागी तुटते. ओढलेली मूठ बाहेरून आत ढकलता येत नाही, ते काम इंजिनिअरनं पॅनल उघडूनच करायचं. दिवाळीआधी रंगकाम चालू असताना एका रंगाऱ्यानं तिला खुंटी समजून पिशवी अडकवली. मशीन रूममध्ये इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, त्यानं बॅगेतून मॅन्युअल काढलं, आणि कुठला स्क्रू सोडायचा हे आम्ही दोघांनी मिळून वाचत वाचत शोधलं. जुन्या राजवटीत मला पॅनलच्या आसपासही फिरकू दिलं नसतं.

माझा कल कुणीकडे आहे ते यावरून कळेलच. नुकसान झालं, नाही कोण म्हणतो? जग ३६०च्या पुढच्या ३७०कडे आणि डिस्कलाच जादा मेमरीसारखं वापरणाऱ्या व्हर्च्युअल स्टोरेजकडे गेलं तेव्हा इथले बरेच जण जुन्या यंत्रांना मलमपट्ट्या करत होते. पण बनवणाऱ्याचा आधार नसताना सिस्टीम चालवायची सवय या पिढीला लागली, आणि ती पुढे उपयोगी पडली. गंमत म्हणजे कंपनी गेली तरी ३६० गेली नाही. पवईच्या शिक्षणसंस्थेत सोव्हिएत ईसी-१०३० होतं. ती ३६०चीच नक्कल, तिची ऑपरेटिंग सिस्टीमही ओएस/३६०च्या वळणाची. लोखंड रशियन असलं तरी जेसीएल तेच.

नवं यंत्र आणायचं तर आयात परवाना लागे, आणि तो हवा तर सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून द्यायची हमी द्यावी लागे. म्हणून एका बनावटीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या बनावटीसाठी प्रोग्राम बदलून द्यायचे, किंवा माणसंच विमानात बसवून ग्राहकाच्या यंत्रापाशी पाठवायची, हा धंदा अंधेरीच्या निर्यात क्षेत्रापासून नरिमन पॉइंटपर्यंत पसरला. यंत्र एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही रीत तिथे पडली. (बँकांची तऱ्हा आणखी निराळी. १९८३च्या करारानंतर शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांना कॉम्प्युटर म्हणायची सोय नव्हती. नाव होतं 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. संघटनाही खूश, व्यवस्थापनही खूश.)

त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एक बदल झाला, त्याची इथे फारशी चर्चा झाली नाही. तोवर ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम, ग्राहकाला मिळे. मायक्रोफिशवर, म्हणजे फिल्मच्या तुकड्यावर बारीक अक्षरात, लिस्टिंग असे, भिंगाखाली धरून वाचायचं, आणि पटलं नाही तर आपली दुरुस्ती घालून सिस्टीम पुन्हा जनरेट करायची. सिस्टीम प्रोग्रामर या नावातला 'प्रोग्रामर' तिथला आहे. १९८३ साली आयबीएमनं यापुढे फक्त ऑब्जेक्ट कोड, म्हणजे यंत्रालाच कळणारं रूप, देण्याचं धोरण जाहीर केलं. हळूहळू सिस्टीम प्रोग्रामरचं काम आलेल्या दुरुस्त्या क्रमानं चढवणं आणि त्या एकमेकींना पाडत नाहीत ना हे पाहणं एवढ्यावर आलं. आज नोकरीच्या जाहिरातीत 'मेनफ्रेम ॲडमिन' लिहितात. तो युनिक्सकडून उसना आणलेला शब्द. मेनफ्रेमवर ते एकाचं काम नव्हतंच. स्टोरेजवाला वेगळा, सुरक्षा राखणारा रॅकफवाला वेगळा, ऑनलाइन व्यवहार चालवणारा सिक्सवाला वेगळा, शेड्यूलिंगवाला वेगळा, आणि कन्सोलवर ऑपरेटर.

नव्वदपासून सगळं भराभर घडलं. १९९२ साली खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, आणि त्याच वर्षी आयबीएम एका भारतीय उद्योगसमूहाबरोबर भागीदारी करून परत आली. जी भागीदारी नको म्हणून निघाली होती, तीच करून. १९९९ला ऐरोलीचा पूल झाला. मुलुंड-ठाण्याची माणसं खाडीपलीकडे कामाला जाऊ लागली तेव्हा वायटूके ऐन भरात होतं. ८० रकान्यांच्या कार्डात दोन रकाने वाचावेत म्हणून सालाचे दोनच आकडे लिहायची जुनी काटकसर आम्हाला घर चालवायला उपयोगी पडली. २००० हे लीप वर्ष आहे की नाही यावर झालेली भांडणं आठवतात. शंभरानं भाग जातो म्हणून नाही म्हणणारे होते, चारशेनंही जातो हे त्यांना दाखवावं लागे. २००४च्या अखेरीस ठाणे-वाशी गाड्या सुरू झाल्या आणि ज्या रस्त्यावरून रसायनांच्या वासामुळे नाकाला रुमाल लावून जायचो, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

वायटूके संपलं तरी काम गेलं नाही, कारण ग्राहकाला एव्हाना कळलं होतं की दुरुस्ती इथून होते तर राखणही इथूनच होईल. कन्सोल म्हणजे आता पडद्यावरची एक खिडकी. अमेरिकेतली रात्रीची बॅच, म्हणजे गठ्ठ्यानं चालणारी कामं, आपल्याकडे सकाळी उजाडते, त्यामुळे बॅच सांभाळणारे दिवसा जागे आणि ऑनलाइन सांभाळणारे रात्री. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात आता डेटा सेंटरांची रांग आहे, पण इथली पोरं सांभाळतात ती यंत्रं बहुतेक समुद्रापारच्या डेटा सेंटरांत आहेत.

त्या खिडकीत भूतकाळ मात्र जागोजाग भेटतो. जॉब सुरू झाला की लॉगमध्ये डॉलर-हॅस्प-३७३ उमटतं, संपला की डॉलर-हॅस्प-३९५. हॅस्पमधला 'एच' म्हणजे ह्यूस्टन. साठच्या दशकात तिथल्या अवकाश केंद्रासाठी लिहिलेल्या स्पूलिंगच्या, म्हणजे कामं रांगेत लावण्याच्या, प्रोग्रामातून आजचं जेस२ निघालं आणि संदेशांची नावं तशीच राहिली. जॉबला कुठली फाइल हवी ते सांगणाऱ्या जेसीएलच्या डीडी स्टेटमेंटला अजून 'डीडी कार्ड' म्हणतात, कार्ड कधीच न पाहिलेली पोरंसुद्धा. प्रोग्राम मेमरीत १६ एमबीच्या रेषेच्या खाली की वर, हा प्रश्न ३६०च्या २४ बिटांच्या पत्त्यामुळे पडला, तो पुढे ३१ आणि ६४ बिट येऊनही सुटलेला नाही. सिस्टीमचं जुनं घड्याळ १ जानेवारी १९००पासून मोजत आलंय. त्याचे ६४ बिट सप्टेंबर २०४२मध्ये भरतील, तेव्हा आणखी एका पिढीची सोय आहे.

आणि आयपीएल, म्हणजे सिस्टीम नव्यानं चालू करणं. २००८पासून हा शब्द लोकलमध्ये मोठ्यानं म्हणायची पंचाईत झाली, शेजारचा स्कोअर विचारतो. ३६०वर आयपीएल करायचं तर तीन गोल चकत्या फिरवून डिस्कचा पत्ता लावायचा आणि लोड बटण दाबायचं. आता हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलच्या चौकटीत पत्ता टंकायचा, पण बटणाचं नाव लोडच. निवृत्तीआधीची काही वर्षं मी हे ऐरोलीतून केलं. यंत्र मी फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. तिकडे रविवारी पहाटे दोनला मुहूर्त असे, म्हणजे हिवाळ्यात इथे दुपारी साडेबाराला, नेमकं पानं वाढायच्या वेळेला. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे जात आणि मुहूर्त साडेअकरावर येई. मग नोव्हेंबरपर्यंत रविवारचं मटण गरम मिळायचं.