वर्गणीच्या वहीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत : परदेशातील महाराष्ट्र मंडळांची पार्श्वभूमी

परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपांवर कोणाला घ्यायचे, वर्गणी थकलेल्यांना काढायचे की नाही आणि ग्रुपची सूत्रे कोणाकडे असावीत, यावरून होणारे वाद वरवर तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे मूळ सभासद कोणाला म्हणायचे या जुन्याच प्रश्नात आहे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, तर शिकागोचे १९६९ सालचे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि १९८४ मध्ये शिकागोला त्याचे पहिले अधिवेशन भरले. त्या काळात सगळा कारभार टपालावर चाले. वर्गणी भरणाऱ्या कुटुंबाचे नाव व पत्ता वहीत चढे, त्यावरून पाकिटांवर लावायच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या तयार होत आणि कार्यकारिणीतली मंडळी कोणाच्या तरी घरी बसून वार्तापत्रांच्या घड्या घालत, तिकिटे चिकटवत. प्रत्येक पाकिटाला पैसे पडत असल्यामुळे वर्गणी थकलेल्याचे नाव यादीतून गळणे स्वाभाविक होते, आणि त्याबद्दल फारसे कोणी रुसतही नसे. सभासदांची आपापसांतली गाठ मात्र संक्रांत, गणपती आणि दिवाळीलाच पडे.

ईमेल आल्यावर हा खर्च जवळजवळ संपला आणि त्याबरोबर यादीची शिस्तही गेली. त्यातच १९९६ मध्ये ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाल्यावर मराठी माणसांशी मराठीत बोलण्यासाठी मंडळाची वर्गणी भरण्याची गरज उरली नाही. मंडळांना हा धक्का, माझ्या मते, उशिराच उमगला. २००१ नंतर अनेक मंडळांनी फुकट मिळणारे याहू ग्रुप्स, म्हणजे ईमेलवर चालणारे चर्चागट, वापरले. सर्व लिप्यांसाठीची युनिकोड ही समान संगणकीय पद्धत रुळेपर्यंत देवनागरी निरोपाच्या जागी वाचणाऱ्याच्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटत, म्हणून हळदीकुंकवाचे आमंत्रण रोमन लिपीत किंवा चित्र म्हणून पाठवले जाई. एखादा उत्साही चिटणीस स्वतःच्या खात्यावरून ग्रुप उघडी; पुढे कार्यकारिणी बदलली तरी किल्ली त्याच्याकडेच राही. याहूने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात ही सेवाच बंद केली, तेव्हा ज्यांनी प्रती काढून ठेवल्या नव्हत्या त्यांचा पत्रव्यवहार कायमचा गेला.

तोपर्यंत सभासद व्हॉट्सॲपवर स्थिरावले होते. २०१६ पासून एका ग्रुपात २५६ जणांचीच मर्यादा असल्यामुळे मोठ्या मंडळांना एक, दोन, तीन असे ग्रुप पाडावे लागत. २०२२ मध्ये ही मर्यादा १,०२४ झाली. येथे प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतो, जी मोकळीक पत्त्यांच्या वहीने कधीच दिली नव्हती. करोनाकाळात गणेशोत्सव झूमवर आले आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२१ चे अधिवेशन लांबणीवर पडून २०२२ मध्ये अटलांटिक सिटीत झाले. घरबसल्या दिसणाऱ्या कार्यक्रमासाठी वर्गणी का भरावी, हा प्रश्नही तेव्हाच उघडपणे विचारला जाऊ लागला.

काही मंडळांनी आता वर्गणीची मुदत संपताच प्रवेश बंद करणाऱ्या सशुल्क सभासद-प्रणाली घेतल्या आहेत. यादी त्यामुळे चोख राहते, पण गप्पा व्हॉट्सॲपवरच रंगतात आणि चिटणिसांना तीच सूचना दोन्हीकडे टाकावी लागते.