पाकाची तार आणि यकृतातलं गळू

लाडवाचा पाक झाला का, हे बघायला आपण थेंबभर पाक चिमटीत धरून तार निघते का ते पाहतो. प्रयोगशाळेतही अशीच एक परीक्षा आहे. बशीत वाढलेल्या क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूंच्या ठिपक्याला तारेचं कडं टेकवून अलगद वर उचलायचं. ५ मिलिमीटरहून लांब चिकट तार निघाली, की डॉक्टर सावध होतात. असा जिवाणू धडधाकट माणसाच्या यकृतातही गळू करू शकतो.

यकृताचा आजार म्हणजे कावीळ, असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय. या गळवात मात्र पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्न नकोसं होणं. कधी तर नुसता ताप. अशा माणसाच्या गळ्यात काविळीची माळ घालू नका. ती लांबते ते कावीळ उतरते म्हणून नव्हे, तर काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून. तेवढ्या दिवसांत आतला पू वाढत राहतो.

पूर्वी हे गळू बहुधा अपेंडिक्स सडल्यावर किंवा पित्तनलिका तुंबल्यावर व्हायचं. १९८६ मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी यकृतात क्लेब्सिएलाचं गळू आणि त्याच जंतूचा डोळ्यात संसर्ग, अशा रुग्णांची नोंद केली. पुढे अशा रुग्णांत मधुमेही फार आढळले.

हा जंतू आपल्या आतड्यात निमूट राहू शकतो. आतड्यातलं रक्त यकृत निवाहिका शिरेतून थेट यकृतात जातं आणि तिथल्या कुफर पेशी त्यातले जंतू गिळतात. पण या जिवाणूभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं जाड, बुळबुळीत आवरण असतं. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं त्यावर नीट बसत नाहीत, आणि ती खूण नसली की पांढऱ्या पेशींना जंतू पकडता येत नाही. के-१ आणि के-२ प्रकारची आवरणं यात सर्वांत निसरडी. आवरण जाड करायला लावणारं आरएमपीए जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. शिवाय एरोबॅक्टिन नावाचा रेणू सोडून हा जंतू आपल्या शरीरातलं लोह ओढून घेतो. रक्तातली साखर चढलेली असली, की पांढऱ्या पेशी आणखी ढिल्या पडतात.

निदानाला सोनोग्राफी बहुधा पुरते. सुरुवातीला पू पातळ झालेला नसेल तर गळू गाठीसारखं दिसतं, तेव्हा सीटी स्कॅन लागतो. शक्य तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायला, पाठवावं. आपल्याकडे अमीबाचं गळूही होतं. ते बहुधा मेट्रोनिडॅझोलवर बरं होतं, पू काढावा लागतोच असं नाही. जिवाणूंच्या मोठ्या गळवात मात्र नुसत्या औषधावर भागत नाही, कारण पुवात रक्तवाहिन्याच नसतात आणि औषध आत जेमतेम पोचतं. म्हणून सोनोग्राफीत बघत त्वचेतून सुई घालतात. गळू ५ सेंटिमीटरहून मोठं असेल तर बारीक नळी ठेवतात. प्रतिजैविकं साधारण ४ ते ६ आठवडे चालतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे या जंतूचे उग्र वाण आढळत असल्याचा इशारा दिला. असे वाण आढळलेल्या देशांत भारतही आहे.

या उपचारादरम्यान डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. जंतू डोळ्यात पोचला असेल, तर दृष्टी काही दिवसांतच जाऊ शकते.