इफ्तारची पहिली पंधरा मिनिटं

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची अजान झाली की दस्तरखानावरचे (जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरचे) सगळे हात आधी खजुराकडे जातात. समोर कितीही पदार्थ मांडलेले असोत, रोजा सोडायचा तो खजुराने आणि पाण्याने. पैगंबरांचा रिवाजच तसा होता: ताजा खजूर, तो नसेल तर सुका, तोही नसेल तर पाण्याचे चार घोट. ही प्रथा श्रद्धेची आहे आणि तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. पण या क्रमाने खाल्लं की पोटात काय घडतं, ते जाणून घेण्यासारखं आहे.

सेहरीच्या, म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणातली साखर काही तासांत संपते. मग यकृत आपला साठा, म्हणजे ग्लायकोजन, सोडू लागतं. हा साठा साधारण 100 ग्रॅमचा आणि एकट्या मेंदूला दिवसाला लागतं सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज. त्यामुळे दुपार कलली की शरीर अधिकाधिक चरबी वापरू लागतं. लहान मुलांचा साठा लवकर आटतो, कारण शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू मोठा असतो. रोजा कुशाईच्या, म्हणजे पहिल्या रोजाच्या दिवशी घरातली मोठी माणसं मुलावर दिवसभर लक्ष ठेवतात, ते योग्यच आहे.

आता खजूर. मेदजूल जातीच्या 100 ग्रॅम खजुरात सुमारे 66 ग्रॅम साखर असते. फळ पिकताना त्यातलंच एक विकर (एन्झाइम) उसात असते तशी साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. म्हणजे पचनाचं निम्मं काम झाडावरच उरकलेलं असतं! तंतू भरपूर असल्यामुळे ही साखर रक्तात एकदम उसळत नाही.

खरी गंमत पाण्याची आहे. आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे ही जोडी मांडली. जलसंजीवनी, म्हणजे साखर-मीठ-पाण्याचं ओआरएस, याच तत्त्वावर चालते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती वापरून कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. खजूर म्हणजे काही जलसंजीवनी नव्हे, त्यात सोडियम नावालाच असतं. पण मोरोक्कोत खजुराबरोबर टोमॅटो-मसूर-छोल्यांचं सूप, हरीरा येतो, तमिळनाडूत नोंबू कंजी, म्हणजे तांदळाची पेज येते. दोन्ही पातळ, गरम, मीठ घातलेले. खजुरात जे कमी, ते वाटीतून मिळतं.

त्यानंतर अनेक घरांत मगरिबची नमाज होते, मग जेवण. मला हा मधला वेळ फार मोलाचा वाटतो. पाणी रक्तात पुरतं पोचण्याआधीच घशाकडून मेंदूला निरोप जातो आणि तहान शमते. पोट भरल्याचा निरोप मात्र पंधरा-वीस मिनिटं घेतो. पहिल्याच घासाला तळलेली भजी खाल्ली तर स्निग्धांशामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि छातीत जळजळ होते. भजी खावीत, पण जेवणाबरोबर.

मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोजा असताना रक्तातली साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गेली, तर अजानची वाट न पाहता तिथेच रोजा सोडायचा.