चाळ हलते तेव्हा चिठ्ठीचं काय होतं?

भाचा दादरच्या एका क्लासमधून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आला आणि जेवताना म्हणाला, "मामा, जावात पॉइंटर नसतात." सरांनी सांगितलंय म्हणे. (पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता.) मग तिथल्या सगळ्यात कुप्रसिद्ध एररचं नाव 'नल पॉइंटर एक्सेप्शन' का, ते सरांनी सांगितलं नव्हतं.

ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामने बनवलेला माहितीचा एक गठ्ठा, 'हीप' नावाच्या मेमरीच्या पटांगणात राहतो. व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आपण नाव दिलेल्या कप्प्यात, असते ती फक्त त्याच्या पत्त्याची चिठ्ठी, म्हणजे रेफरन्स. 'ब = अ' लिहिलं की चिठ्ठीची झेरॉक्स निघते; घर एकच. ब ने भिंत निळी रंगवली की अ लाही ती निळीच दिसते. फंक्शनलाही झेरॉक्सच जाते. त्याने तिच्यावर दुसरा पत्ता खरडला तर तुमच्या चिठ्ठीला धक्का लागत नाही. (नावात जादा 'ए' घालून नशीब पालटून देणाऱ्या अंकशास्त्र्यांनी हे जरूर वाचावं. व्हेरिएबलचं नाव बदलून आजवर एकही ऑब्जेक्ट सुधारलेला नाही.)

मग सी या भाषेतल्यासारखी पत्त्यात बेरीज-वजाबाकी जावा का करू देत नाही? कारण इथे घरं हलतात!

वरळीच्या बीडीडी चाळी आठवा. १६० चौरस फुटांच्या खोल्या, पुनर्विकास, बिऱ्हाडं दुसरीकडे. जावाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट हटवून मेमरी मोकळी करणारा सफाईवाला, तोही असाच पुनर्विकास करतो, तोही प्रोग्राम चालू असताना. ज्या चिठ्ठ्या प्रोग्रामच्या हातात आहेत, त्यांच्यापासून तो निघतो. चिठ्ठीवरच्या घरी जातो, बिऱ्हाड उचलून नव्या जागेत मांडतो आणि जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी ठोकतो. त्या घरात सापडलेल्या चिठ्ठ्या घेऊन पुढच्या घरी. नंतर दुसऱ्या कुठल्या चिठ्ठीमुळे तो पुन्हा त्याच जुन्या दाराशी आला, तर पाटी वाचून ती चिठ्ठी दुरुस्त करतो. बिऱ्हाड दुसऱ्यांदा हलवत नाही. शेवटी जुनी जागा सरसकट मोकळी. ज्यांची चिठ्ठी कुणाकडेच उरली नव्हती, त्यांची यादीसुद्धा कुणी केलेली नसते. म्हणून या पद्धतीत कष्ट जिवंत ऑब्जेक्टच्या हिशेबाने पडतात, कचऱ्याच्या नव्हे. ही युक्ती मला अजूनही चकित करते.

आणखी एक गंमत. ६४ बिटी यंत्रावरही हॉटस्पॉट ही जावाची प्रचलित यंत्रणा चिठ्ठी बहुधा ३२ बिटांचीच ठेवते. ऑब्जेक्ट ८ बाइटच्या पटीतच सुरू होतात, म्हणून आकड्याला ८ ने गुणलं की ३२ जीबीपर्यंतचा पत्ता मिळतो.

इथवर भाच्याने मोबाइल हातात घेतला होता. तरी त्याने एक विचारलंच: "मग हॅशकोड म्हणजे पत्ता ना?" नाही रे. हॅशकोड म्हणजे ऑब्जेक्टला जावाकडून आपोआप मिळणारा एक आकडा. पत्ता असता तर घर हलल्यावर बदलला असता. हॉटस्पॉट तो पहिल्यांदा मागितल्यावर ठरवते आणि ऑब्जेक्टच्या माथ्यावर लिहून ठेवते. बिऱ्हाड हललं की सामानाबरोबर तोही जातो.