मँचेस्टरचा ओल्ड वेलिंग्टन : एकदा उचललेला, एकदा हलवलेला पब

मँचेस्टरच्या कॅथेड्रलजवळ काळ्या तुळयांचं आणि पांढऱ्या भिंतींचं एक तीन मजली घर आहे, ओल्ड वेलिंग्टन. ओल्ड ट्रॅफर्डवर सामना बघायला गेलेली आपली मंडळी संध्याकाळी शहरात येतात, या घरासमोर फोटो काढतात आणि खाली ‘साडेचारशे वर्षं जुना पब’ असं लिहून टाकतात. घर १५५२ चं आहे. पब मात्र त्याहून बराच अलीकडचा, आणि आज ज्या जमिनीवर हे घर उभं आहे तिथे ते १९९६ सालीसुद्धा नव्हतं. ते इथे कसं आलं, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्या पबची भरभराट आणि उतरती कळा, दोन्ही कळत नाहीत.

जुना इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. शहराच्या बाजारचौकात हे घर बांधलं गेलं. दोन वर्षांत त्याचा काही भाग एका कापड व्यापारी कुटुंबाने घेतला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. तिसरा मजला सतराव्या शतकात चढला. दारूचा परवाना आला १८३० मध्ये, तेव्हा नाव होतं व्हिंटनर्स आर्म्स. मग ते केनियन व्हॉल्ट्स झालं आणि १८६५ पर्यंत वेलिंग्टन इन हे नाव रूढ झालं. पब होता तळमजल्यावर. वरच्या मजल्यांवर गणिताची आणि चष्मा-दुर्बिणीची उपकरणं बनवणारे कारागीर बसत, पुढे १८९७ मध्ये तिथे मासेमारीच्या साहित्याचं दुकान आलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जहाजं भरभरून लँकेशायरला जात होता, तीही वेलिंग्टन इन हे नाव रूढ होण्याचीच वर्षं. कच्च्या कापसाचा बाजार लिव्हरपूलला भरे, सुताचा आणि कापडाचा मँचेस्टरला, आणि तो एक्स्चेंज या पबपासून हाकेच्या अंतरावर होता. सौदे आटोपून खाली उतरलेल्या माणसांच्या वाटेवरच हा पब होता.

डिसेंबर १९४० च्या नाताळाआधीच्या दोन रात्रींत जर्मन बॉम्बफेकीने हा बाजारचौक जवळजवळ पुसला गेला. ओल्ड वेलिंग्टन आणि त्याला खेटून असलेला सिंक्लेअर्स ऑयस्टर बार तेवढे वाचले. भोवतालच्या गल्ल्या, ज्यांच्यामुळे ते ‘बाजारातले पब’ होते, त्या गेल्या. पुढची तीसेक वर्षं या दोन इमारती मोकळ्या, उद्ध्वस्त जागेच्या कडेला उभ्या राहिल्या.

मग १९७० च्या दशकात मोठ्या बाजारसंकुलाची योजना आली. नव्या आराखड्यात जमिनीची पातळीच बदलली. मालवाहू वाहनांचा रस्ता खालून आणि माणसं वरून, असा त्या काळच्या नगररचनेचा लाडका विचार होता. या दोन इमारती पाडायच्या नाहीत हे ठरलेलं होतं. म्हणून खालून आधार देऊन, काँक्रीटच्या तळावर त्या उचलल्या गेल्या. किती? पावणेपाच फूट. भोवती काँक्रीटचा चौक झाला आणि त्याला शॅम्बल्स स्क्वेअर नाव मिळालं. शॅम्बल्स म्हणजे खाटकांचे मांस विकायचे ओटे. आपल्याकडच्या खाटीक आळीसारखंच हे नाव आहे. आळी कधीच संपली होती, नाव तेवढं उरलं होतं.

या उचलण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुढे जो वाद झाला त्यात या पावणेपाच फुटांना जेवढं वजन मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याकडे येतोच. आधी बिअरचं बघू, कारण याच दशकात बिअरचंही नशीब फिरलं.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चराइझ केलेली, गॅसच्या दाबाने नळातून येणारी केग बिअर गावोगाव पोहोचवली होती. ती टिकते, तिला कसब लागत नाही, आणि सगळीकडे एकाच चवीची मिळते. याला विरोध म्हणून १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या चार तरुणांनी आयर्लंडमध्ये सुट्टीवर असताना एक ग्राहक चळवळ सुरू केली. दोन वर्षांनी तिच्या नावात ‘रिअल एल’ हे शब्द आले आणि तेव्हापासून ते भाषेत रुजले. अर्थ असा: ज्या पिंपातून प्यायला दिली जाते त्याच पिंपात दुसऱ्यांदा आंबून तयार झालेली बिअर, आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड न लावता ओढलेली.

व्याख्या एका ओळीची, काम मात्र दिवसभराचं. पिंप तळघरात घडवंचीवर आडवं ठेवतात आणि सकाळी वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. आतलं यीस्ट जिवंत असतं, ते त्या खुंटीतून फसफसत श्वास सोडतं. फेस शांत झाला की कठीण लाकडाची खुंटी बसवायची. गाळ तळाशी बसेपर्यंत पिंप हलवायचं नाही. तळघर बारा अंशांच्या आसपास ठेवायचं. मग लाकडी हातोड्याच्या एका ठोक्यात तोटी बसवायची, पेलाभर बिअर काढायची, उजेडासमोर धरून पाहायची आणि हुंगायची. एवढं जमलं की वरच्या हातपंपाला नळी जोडायची. इथून पुढे घड्याळ सुरू होतं. जेवढी बिअर वर जाते तेवढी हवा पिंपात शिरते, आणि तीन दिवसांत चव उतरायला लागते. नीरा ज्याने सकाळची प्यायली आहे आणि ऊन चढल्यावरचीही, त्याला हे वेगळं सांगायला नको.

नेहमीच्या फर्किन पिंपात नऊ गॅलन म्हणजे ७२ पिंट (सुमारे ४१ लिटर) बिअर असते. तीन दिवसांत संपवायची तर एका हातपंपामागे दिवसाला २४ पिंट खपायलाच हव्यात. सहा पंप असतील तर १४४. दारात माणसं नसतील तर तळघरातलं सगळं कसब वाया जातं. रिअल एलच्या पबचा प्रश्न शेवटी पायी येणाऱ्या माणसांचा असतो, तो असा.

ऐंशीच्या दशकात मँचेस्टरच्या मध्यभागी नेमकी हीच चणचण होती. मध्यवस्तीत राहणारी माणसं जेमतेम काही शे. कचेऱ्या सुटल्या की चौक ओस पडत. त्यात १९८८ पर्यंत पबना दुपारी दार लावून घ्यावं लागे, तो पहिल्या महायुद्धातला नियम त्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी सरकारने बिअर कंपन्यांच्या मालकीच्या पबवर मर्यादा आणली. सहा मोठ्या कंपन्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश बिअर बनवत होत्या आणि स्वतःच्या पबांतून स्वतःचीच विकत होत्या. दोन हजारांहून जास्त पब असलेल्यांनी जास्तीच्या निम्म्या पबवरचं बंधन सोडावं, आणि त्यांच्या भाडेकरू चालकांना बाहेरची एक पिंपातली बिअर ‘पाहुणी’ म्हणून ठेवता यावी, असा तो हुकूम होता. छोट्या भट्ट्यांना त्याने दार उघडून दिलं हे मान्य. पण पब बिअर कंपन्यांच्या हातून सुटले ते भट्टी नसलेल्या, भाड्यावर आणि जमिनीच्या किमतीवर चालणाऱ्या साखळ्यांच्या हाती गेले. तो हुकूम २००३ मध्ये रद्द झाला, साखळ्या राहिल्या. ओल्ड वेलिंग्टन आज अशाच एका देशव्यापी साखळीत आहे.

१५ जून १९९६, शनिवार. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास कॉर्पोरेशन स्ट्रीटवर उभ्या केलेल्या वाहनातल्या सुमारे दीड टन स्फोटकांचा स्फोट झाला. आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेने आधी सूचना दिली होती, पोलिसांनी हजारो लोकांना बाहेर काढलं, त्यामुळे कुणीही मेलं नाही. दोनशेहून अधिक लोक जखमी झाले. शहराचा मध्यभाग मोडला. ओल्ड वेलिंग्टनचंही नुकसान झालं, पण लाकडी सांगाडा उभा राहिला.

पुनर्बांधणीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेऊन आराखडा निवडला गेला. त्यात सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरपासून कॅथेड्रलपर्यंत थेट चालत जाता येईल असा नवा रस्ता होता. त्या रस्त्याच्या आणि नव्या मोठ्या दुकानाच्या आड दोन पब येत होते. निर्णय झाला तो असा: दोन्ही इमारती उकलायच्या, उत्तरेला कॅथेड्रलच्या बाजूला न्यायच्या आणि तिथे पुन्हा उभ्या करायच्या.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. संरक्षित इमारत ही तिच्या जागेसह संरक्षित असते. जुन्या बाजारचौकाची ही शेवटची खूण, तीच उचलली तर तो चौक कुठे होता हे उद्या कुणाला सांगता येणार नाही. आज ते खरं ठरलं आहे. त्या जागी दुकानांच्या काचा आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काही कळत नाही. दुसरा आक्षेप आणखी टोकदार होता. जुन्या जागी दोन्ही पब एका रांगेत होते, नव्या जागी ते काटकोनात बसवले. कॅथेड्रलशेजारी तो कोपरा असा जमला की पाहणाऱ्याला वाटावं, शतकानुशतकं हे असंच आहे. एवढंच नव्हे, शॅम्बल्स स्क्वेअर हे नावही सोबत नेलं. जिथे ते ओटे कधी नव्हते, तिथे त्यांचं नाव लागलं.

बाजूने बोलणाऱ्यांपाशी एक भक्कम मुद्दा होता, तो लाकडाचा. त्या काळची ओकची घरं सुताराच्या अंगणात घडत. प्रत्येक तुळई-खांबावर खुणा कोरायच्या, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून पाहायचं, मग सगळं सुटं करून जागेवर न्यायचं आणि लाकडी खुंट्या ठोकून उभं करायचं. असं घर उकलता येतं, कारण ते मुळात जोडलेलंच असतं. जुने वाडे उतरवताना आपल्याकडेही लाकूडकाम उतरवून दुसरीकडे लावतात, तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. दगडी घराला ही मुभा एवढी सहज मिळत नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो, पण कारण वेगळं आहे. जमिनीशी असलेलं नातं १९९९ मध्ये तुटलं असं म्हणणारे सत्तरच्या दशकातले पावणेपाच फूट विसरतात. घर त्याच दिवशी आपलं जोतं सोडून काँक्रीटवर चढलं होतं. १९९६ मध्ये जे ‘मूळ जागेवर’ होतं ते नकाशावर मूळ जागेवर होतं. त्याच्या खाली, समोर आणि भोवती मूळचं काही नव्हतं. उलट नव्या जागी निदान जुनं कॅथेड्रल शेजारी आहे आणि पायाखाली माणसांची वाट आहे. पहिल्या वेळी जागा राखण्यासाठी परिसराचा बळी दिला गेला, दुसऱ्या वेळी परिसर मिळवण्यासाठी जागेचा. दोन्हींत नुकसान झालं, आणि पहिल्याची चर्चाच झाली नाही ही माझी खरी तक्रार आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी सोडून दिली. तुळया नेता येतात, तळघर नेता येत नाही. म्हणजे ओल्ड वेलिंग्टनचा सांगाडा सोळाव्या शतकातला आणि पिंपं ठेवायची जागा विसाव्या शतकाच्या अखेरची. रिअल एलच्या दृष्टीने पबचं काळीज तिथेच असतं. त्या वादात बिअर जपणाऱ्या माणसाला कुणी विचारलं असतं, तर त्याने कदाचित आनंदाने नवं, थंड, कोरडं तळघर मागून घेतलं असतं.

स्थलांतर १९९९ मध्ये पूर्ण झालं आणि त्यानंतरची वर्षं घाईची आहेत. मध्यवस्तीत पुन्हा माणसं राहायला आली. २००२ मध्ये छोट्या भट्ट्यांना करात सवलत मिळाली आणि हातपंपांवरची नावं भराभर बदलू लागली. त्याच काळात मँचेस्टरची ओळख असलेली, १७७८ पासूनची स्ट्रेंजवेजमधली बॉडिंग्टन्सची भट्टी २००५ मध्ये बंद झाली. शहरात नव्या भट्ट्या उगवत असताना सगळ्यात जुनं नाव गेलं, ही हळहळ तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये आत धूम्रपान करायला बंदी आली. ज्या पबला अंगण नव्हतं त्याचं कंबरडं मोडलं, शॅम्बल्स स्क्वेअरसारखा मोकळा चौक समोर असलेले तरले. डिसेंबर २०१५ मध्ये जवळच एक्स्चेंज स्क्वेअरचा ट्राम थांबा झाला.

मार्च २०२० मध्ये सगळे पब बंद झाले, आणि रिअल एलला तो घाव सगळ्यात खोल बसला. केग महिनाभर थांबते, उघडलेलं पिंप थांबत नाही. देशभर तळघरांतली बिअर गटारात ओतावी लागली. १२ एप्रिल २०२१ ला फक्त उघड्यावर बसवायची परवानगी मिळाली तेव्हा पुन्हा चौकच कामी आला. मात्र उन्हात बाहेर बसणारा माणूस थंड लागर, म्हणजे केगमधून येणारी फिकट बिअर, मागतो. चौक भरतो, गल्ला भरतो, आणि आत हातपंपामागची तीच २४ पिंटांची रोजची गरज तशीच शिल्लक राहते.

म्हणूनच पिंपात हवेऐवजी किंचित कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या छोट्या झडपेचा प्रश्न एवढा चिघळला होता. या झडपेने बिअर आणखी काही दिवस टिकते, पण बाहेरचा गॅस आला की ती ‘रिअल’ कशी? चळवळीने वर्षानुवर्षं विरोध केला आणि २०१८ च्या वार्षिक सभेत विरोध सोडून तटस्थ भूमिका घेतली.

ऑगस्ट २०२३ पासून पिंपातून आणि केगमधून विकल्या जाणाऱ्या बिअरवर बाटलीपेक्षा कमी कर लागतो. सुरुवातीच्या प्रस्तावात त्यासाठी भांडं ४० लिटरपेक्षा मोठं असण्याची अट होती. ती २० वर आणली गेली. फर्किनच्या निम्म्या, ३६ पिंटांच्या पिनमध्ये साडेवीस लिटरच्या आत-बाहेर बिअर मावते. खप मंद असेल तर पबचालक हेच छोटं पिंप मागवतो, म्हणजे तीन दिवसांत ते संपतं. अट ४० वर राहिली असती, तर नेमकं तेच सवलतीबाहेर पडलं असतं.