पेशी की सीरम? प्रतिकारशक्तीच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

जखमेतल्या पुवात पांढऱ्या पेशी असतात आणि काहींच्या पोटात जिवाणू असतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकातून दिसत होतं. अर्थ मात्र बहुतेकांनी उलटा लावला. या पेशीच जिवाणूंना अंगभर फिरवतात आणि रोग पसरवतात, असं त्यांना वाटे.

हा समज मोडला इल्या मेचनिकोव्ह या प्राणिशास्त्रज्ञाने; तो डॉक्टर नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. सकाळी पाहिलं तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे दाह, अर्थात जखमेभोवतीची लाली आणि सूज, हा निव्वळ रक्तवाहिन्यांचा बिघाड नव्हे, पेशींनी उभारलेला बचाव आहे, असं त्याने मांडलं.

जर्मन शास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आणि त्यांच्याकडे भक्कम पुरावा होता. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताला दाद न देणाऱ्या प्राण्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, दुसऱ्या प्राण्याला टोचलं, आणि तोही वाचला. सीरममध्ये पेशी नसतात, मग पेशींची गरज काय? पुढे १८९५ मध्ये ज्यूल बोर्दे याने दाखवलं की सीरममध्येही दोन घटक मिळून जिवाणू फोडतात: उष्णता सोसणारी प्रतिपिंडं (ठरावीक जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं), आणि साधारण ५५ अंश सेल्सिअसला निकामी होणारं पूरक द्रव्य. बोर्दे पॅरिसला मेचनिकोव्हच्याच प्रयोगशाळेत काम करत होता.

मेचनिकोव्हचा दुसरा शिष्य आपल्या जवळचा. वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आला, रश्शात वाढवलेले जिवाणू उष्णतेने मारून त्याने लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

वाद मिटवणारा दुवा १९०३ मध्ये लंडनला सापडला. सीरममधली द्रव्यं जिवाणूला चिकटली की पांढऱ्या पेशी त्याला झपाट्याने गिळतात, असं अल्मरॉथ राइट आणि स्ट्यूअर्ट डग्लस यांनी दाखवलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. १९०८ चं नोबेल मेचनिकोव्ह आणि सीरमपक्षाचा पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं.

एक प्रश्न मात्र पुढची ऐंशी वर्षं जवळजवळ बाजूला पडला. नव्या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर पहिल्या काही तासांत पेशीला शत्रू ओळखू कसा येतो? जिवाणूंच्या ठरावीक रेणूंना ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) पेशींवर असावेत, असं चार्ल्स जेनवे याने १९८९ मध्ये सुचवलं. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाला फळमाशीत तशी यंत्रणा सापडली. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातल्या अशाच ग्राहकाचं जनुक शोधलं. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता. जेनवे २००३ मध्येच वारला होता.

ज्या उंदरांत ते जनुक बिघडलेलं होतं, त्यांना जिवाणूच्या आवरणातलं विष टोचलं तरी फारसं काही होत नसे. इतर उंदीर तेवढ्याच विषाने रक्तदाब कोसळून मरत. पण साल्मोनेला हे जिवाणू जिवंत टोचले की याच बिघाडाच्या उंदरांचा पाडाव आधी होई, कारण शत्रू आल्याची वर्दी त्यांच्या पेशींना मिळतच नव्हती. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद जिवावर उठतो तेव्हा, रुग्णाचा रक्तदाब कोसळतो तोही बऱ्याच अंशी अशाच वर्दीचा अतिरेक झाल्यामुळे.