सोलापूर महापालिकेचं काम मोजतं कोण, आणि कुणासाठी : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात दोन माणसं भेटली की पाण्याचा विषय निघतोच. आज आलं का, किती वेळ होतं, प्रेशर होतं की नुसती धार. म्हणजे महापालिकेची सेवा कशी चाललीय हे इथला प्रत्येक माणूस मोजतोच आहे आणि वर्षानुवर्षं मोजतोय. तरी महापालिकेच्या अहवालातला आकडा आणि गल्लीतला अनुभव एकमेकांना क्वचितच ओळख देतात, आणि माझं म्हणणं असं आहे की यात कुणी एकट्याने खोटं लिहिलं असं नाही, ही मोजणी सुरुवातीपासून वरच्या कुणाला तरी दाखवायला झाली, ज्याच्या घरात नळ आहे त्याच्यासाठी ती कधी केलीच गेली नाही. हे कसं झालं ते जरा मागून बघूया.

सोलापूरची नगरपालिका स्थापन झाली १ ऑगस्ट १८५२ ला, १८५० च्या नगरपालिका कायद्याखाली. मुंबई इलाख्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. त्या काळात कामाचा हिशोब म्हणजे पैशाचा हिशोब. कर किती गोळा झाला, रस्ते, दिवे, झाडलोट यावर किती खर्च झाला हे कलेक्टरमार्फत मुंबई सरकारला कळवायचं, आणि सरकार सगळ्या नगरपालिकांचा कर आणि खर्च यांचा वार्षिक आढावा छापायचं. त्यात रस्त्यावर खर्च झालेले रुपये सापडतात, रस्ता कसा होता ते सापडत नाही. पुढे १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ नावाची कापडगिरणी आली, मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या, चाळी वाढल्या, हिप्परग्याच्या तलावातनं शहराला पाणी आलं, प्लेगच्या साथी आल्या. जन्ममृत्यूची नोंद नीट ठेवण्याचा दबाव वाढला तो अशा साथींमुळे, आणि खरं सांगायचं तर नगरपालिकेने माणसांवर काय परिणाम झाला हे मोजायला घेतलेली पहिली गोष्ट ही मृत्यूची नोंदच असावी असं मला वाटतं.

याच नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० ला इमारतीवर तिरंगा फडकवला, त्याबद्दल सोलापूरकरांना आजही अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे. म्हणजे वरच्या सरकारला न जुमानण्याची हिंमत या संस्थेत होती. पण हिशोबाची दिशा मात्र वरच राहिली.

१९६४ च्या मे महिन्यात नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू झाला, ज्याला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेने काय करायलाच पाहिजे याची लांबलचक यादी आहे, पाणी, गटारं, झाडलोट, दिवाबत्ती, दवाखाने, प्राथमिक शाळा, आणि कलम ६६ मध्ये जमलं तर करायच्या गोष्टींची दुसरी यादी. वर्षाचा प्रशासन अहवाल तयार करायचा, लेखापरीक्षण व्हायचं, बजेट सभागृहात मांडायचं, हे सगळं आलं. पण काय करायचं याची यादी देताना किती आणि कसं करायचं याचं माप कुठेच नव्हतं. बागेच्या नावावर बजेटात पैसे पडले आणि खर्ची पडले की कागदावर बाग झाली, तिथे संध्याकाळी दिवे लागतात का, म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक आहे का हे विचारायला अहवालात रकानाच नाही.

मग आली हद्दवाढ, आणि सोलापूरच्या बाबतीत हा मुद्दा समजून घेतल्याशिवाय कुठलाच आकडा समजत नाही. १९९२ मध्ये आजूबाजूची गावं शहरात घेतली, बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, देगाव वगैरे, आणि साधारण ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. पाचपटीपेक्षा जास्त. पाइपलाइन, ड्रेनेज, घंटागाडीचे रूट, दवाखाने, माणसं काही पाचपट झाली नाहीत, होणं शक्यच नव्हतं, त्यात गिरण्या बंद पडत चाललेल्या, लक्ष्मी-विष्णू मिल १९९५ मध्ये बंद झाली, म्हणजे गावाच्या हातातला पैसा कमी होत होता त्याच काळात हद्द वाढली. आजही सोलापुरात ‘हद्दवाढ भाग’ असा शब्द लोक वापरतात, तीस वर्षांवर झाली तरी, कारण त्या शब्दात सेवा कशी मिळते ते सगळं येतं. आणि संपूर्ण शहराचा एकच आकडा काढला की गावठाण म्हणजे जुनं शहर आणि हद्दवाढ यांच्यातला हा फरक त्या आकड्यात विरघळून जातो.

सेवेचं खरंखुरं माप ठरलं ते २००८ मध्ये. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सर्व्हिस लेव्हल बेंचमार्कचं, म्हणजे सेवा किती आणि कशी असावी याच्या मापांचं, हँडबुक काढलं, पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं अशा चार सेवांचे मिळून २८ निर्देशक. पाण्याचे ९, मलनिस्सारणाचे ९, कचऱ्याचे ८ आणि पावसाळी गटारांचे २. पाण्यासाठी काय ठरवलं तर प्रत्येक घराला नळ, माणशी दिवसाला १३५ लिटर, पुरवठा २४ तास, सगळ्या नळांना मीटर, हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, आणि आलेल्या तक्रारींपैकी ८० टक्के वेळेत सुटलेल्या. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाने २४ तासांचं माप वाचायचं म्हणजे मनाला लागतंच, पण तरी मला हे हँडबुक आवडतं, कारण पहिल्यांदा कुणीतरी किती पैसे घातले हे सोडून लोकांपर्यंत काय पोचलं हे विचारलं. शिवाय त्यात प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो किती भरवशाचा हे ए, बी, सी, डी अशा श्रेणीत लिहायचं असतं. मीटरवर मोजलेलं असेल तर वरची श्रेणी, पंप किती तास चालला त्याला क्षमतेने गुणून अंदाज बांधला असेल तर खालची. हा रकाना सगळ्यात प्रामाणिक, आणि आकड्यांच्या बातम्या होतात तेव्हा नेमका हाच गळतो.

हँडबुक निघालं म्हणून कुणी मोजायला बसलं नसतं. जोर आला तो केंद्राचा पैसा राज्यांना आणि शहरांना कसा द्यायचा हे ठरवणाऱ्या तेराव्या वित्त आयोगामुळे. आयोगाचा काळ २०१० ते २०१५, आणि त्याने कामगिरी अनुदान मिळवायला नऊ अटी घातल्या, त्यातली एक अशी की शहरांनी या चार सेवांची पातळी दरवर्षी ३१ मार्चपर्यंत राजपत्रात जाहीर करायची आणि पुढच्या वर्षाचं टार्गेटही द्यायचं. त्याच सुमाराला, २००९ पासून, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शहरांसाठी पास नावाचा, शहरांच्या पाणी आणि स्वच्छता सेवा मोजण्याचा प्रकल्प चालवला, महाराष्ट्रात त्यांच्यासोबत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था होती, आणि शहरं दरवर्षी ठरलेल्या फॉर्ममध्ये माहिती भरू लागली. यातून महाराष्ट्राकडे शहरांची एक चांगली माहिती जमली हे मान्य केलंच पाहिजे, गुजरात सोडलं तर इतर राज्यांकडे तेवढी नव्हती.

आता यातली गोम बघा. माणशी लिटर काढायचे म्हणजे सोडलेलं पाणी भागिले लोकसंख्या. सोलापूरचं पाणी येतं तीन ठिकाणाहून, उजनी धरणावरनं थेट पाइपलाइनने शंभरेक किलोमीटर, भीमेवरच्या टाकळीतनं, आणि हिप्परग्यातनं. टाकळीचं तर असं की उजनीतनं नदीत पाणी सोडायचं, ते औज बंधाऱ्यात साठवायचं आणि मग उचलायचं, त्यामुळे नदीत किती गेलं आणि टाकळीला किती मिळालं यातच मोठं अंतर. पुढे गळती आणि मोटारी लावून ओढलेलं पाणी, आणि ज्या नळाला मीटर नाही तिथे किती गेलं याचा नुसता अंदाज. खालचा आकडाही तसाच. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८, त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे जुन्या लोकसंख्येने भागलं की माणशी पाणी जास्त दिसणार. आणि वर अंदाज, खाली अंदाज असं करून जी सरासरी येते ती कुणाच्याच घरातली नसते. समजा अर्ध्या शहराला माणशी १५० लिटर मिळतं आणि अर्ध्याला ६०, अहवालात १०५ येणार, आणि १०५ लिटरचं एकही घर तुम्हाला दाखवता येणार नाही. तासांचंही तेच, चार दिवसांआड तीन तास पाणी असेल तर रोजचे तास काढताना ते तासाच्याही आत येतात, पण ते तीन तास रात्री दोनला आले की सकाळी सहाला हे त्या आकड्यात कुठे दिसतं? पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या घरी किंवा दिवसभर बिड्या वळणाऱ्या बाईला खरा फरक तिथेच पडतो.

नंतरच्या दहा वर्षांत मोजणाऱ्यांची रांग लागली. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर नवव्या नंबरवर आलं, स्वच्छ सर्वेक्षण २०१६ पासून दरवर्षी, राहणीमानाचा निर्देशांक, २०२१ च्या मार्चमध्ये महापालिकांच्या कामगिरीचा निर्देशांक ज्यात १११ महापालिका आणि १०० निर्देशक, २०२५ मध्ये राज्य सरकारचा शंभर दिवसांचा कार्यक्रम. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी, आणि भरणारी माणसं मात्र तीच, झोन ऑफिसातले तेच आरोग्य निरीक्षक आणि तेच ज्युनिअर इंजिनीअर, ज्यांनी त्या वेळात फिल्डवर असायला पाहिजे. स्वच्छ सर्वेक्षणात निदान बाहेरची माणसं येऊन बघतात आणि नागरिकांचं मत घेतात. बाकी बऱ्याच ठिकाणी आपला पेपर आपणच तपासायचा असा प्रकार आहे. रँकिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नंबर वर गेला की पेढे आणि खाली गेला की गप्प, यातून शेळगीतल्या एका गल्लीतलीही घंटागाडी वेळेवर येत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाची एक गोष्ट मात्र सोलापूरकरांना माहीत असायला हवी. आयोगाने १० लाखांवरची शहरं वेगळी काढली, आणि त्यांच्या अनुदानाचा संबंध हवा, पाणी, स्वच्छता यातल्या कामगिरीशी थेट जोडला. महाराष्ट्रातल्या त्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि वसई-विरार होती. आपण ९.५१ लाखांवर असल्याने दुसऱ्या गटात होतो, जिथे मुख्य अटी होत्या हिशोब ऑनलाइन टाकणं आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवणं. म्हणजे पन्नास हजार माणसं कमी भरली म्हणून मोजणीचं गणितच बदललं.

एका बाबतीत मात्र मोजणी लोकांच्या बाजूने वळली, आणि ती कायद्यामुळे वळली. आधी माहितीचा अधिकार, राज्याचा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा, मग २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. जन्मदाखला, मृत्यूदाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी अशा सेवांना दिवस ठरले, कोण देणार ते ठरलं, नाही दिलं तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. हे चालतं कारण अर्जाला तारीख असते आणि पावती तुमच्या हातात असते. जी सेवा अर्ज करून मिळते ती मोजायला सोपी. पाणी, झाडलोट, रस्त्यावरचा दिवा, बाग, दवाखान्यात डॉक्टर आहेत का, यासाठी कुणी रोज अर्ज करत नाही, म्हणून या सगळ्या त्या कायद्याच्या हातातनं निसटतात. तक्रार नोंदवली तरी मोजलं काय जातं तर तक्रार बंद झाली का, आणि बंद कुणी केली हे बघाल तर ज्याच्याकडे काम होतं त्यानेच. तक्रार करणाऱ्याने हो झालं म्हटल्याशिवाय ती बंदच होऊ नये, एवढा एक नियम केला तरी आकड्यांचा चेहरा बदलेल.

शाळांचा विषय यात नेहमी मागे पडतो म्हणून लिहितो. सोलापूर महापालिकेने मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत, हे आपल्या गावाचं फार मोठं वैशिष्ट्य आहे. पण २८ निर्देशकांत शाळा नाही, दवाखाना नाही, बस नाही, वाचनालय नाही. शाळांची माहिती यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत वेगळी जाते, आरोग्याची वेगळ्या पोर्टलवर, आणि प्रभागातल्या माणसाला आपल्या भागातल्या सगळ्या सेवा एका कागदावर कधीच दिसत नाहीत.

तो कागद मागायची सोयही कायद्यात आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या अटींमुळे महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा, जिच्यापुढे नगरसेवकाने कामं मांडायची. खेड्यातली ग्रामसभा सगळ्यांना माहीत आहे, शहरातली क्षेत्रसभा किती जणांनी बघितलीय? त्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. त्या काळात आकडे तयार होत होते, वर जात होते, पण सभागृहात उभं राहून हा आकडा माझ्या प्रभागात लागू होत नाही असं म्हणणारं कुणी निवडून आलेलं नव्हतं.

१५ जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली आणि १०२ नगरसेवकांचं सभागृह पुन्हा आलं. त्यांच्याकडून नवीन ॲप किंवा नवीन रँकिंग नकोय. चावीवाला कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो आणि किती वाजता बंद करतो याची नोंद, मुकादमाच्या हजेरीत आज कुठल्या गल्लीला कोण होतं ते, घंटागाडीचा रूट, एवढी माहिती आजही खालच्या पातळीवर कुठे ना कुठे असते, नाहीतर काम चालणारच नाही. ती बेरीज होऊन वर जायच्या आधी प्रभागनिहाय झोन ऑफिसच्या बाहेर लावायची, दर महिन्याला, आणि पर्यावरण स्थितीचा जो अहवाल दरवर्षी ३१ जुलैपर्यंत आयुक्तांनी सभागृहापुढे ठेवायचा असतो त्यातही हद्दवाढ भागाचे आकडे वेगळे मागायचे.